ठिगळ होडीपेक्षा मऊ हवं

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हे 61 दिवस माशांच्या विणीसाठी राखलेले, पण बोटींच्या बाजूने पाहिलं तर दुरुस्तीचेही. पालघर जिल्ह्यात सातपाटी आणि मुरबे ही दोन मच्छीमार गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. मेअखेरीस दोन्हीकडे बोटी ओढून वर घ्यायची, त्यांना टेकू द्यायची आणि वरून शाकारायची लगबग सुरू होते. वर्षातले दहा महिने पाण्याखाली असलेला बोटीचा तळ या दिवसांत पहिल्यांदा धड दिसतो. गैरसोय अशी, की ज्या दिवसांत तळ दिसतो तेच दिवस दुरुस्तीला सर्वांत वाईट असतात. हवा ओलसर असल्याने लाकूड पुरतं वाळत नाही, रंग चिकट राहतो आणि फायबरसाठी मिसळलेलं रसायन नीट घट्ट होत नाही. नारळी पौर्णिमा मात्र थांबत नाही, आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या फेऱ्यांचं पापलेटही थांबत नाही. या घाईत गळती ‘बुजवली’ जाते, तिचा शोध क्वचितच घेतला जातो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: गळतीच्या जागी जे ठिगळ लावायचं ते मूळ अंगापेक्षा कडक, मजबूत किंवा भारी असेल तर ते होडी वाचवत नाही, तिला त्या जागी मोडतं. ऐकायला हे उफराटं वाटतं. दुरुस्ती म्हटली की आपल्याला ‘पुन्हा कधी फुटणार नाही’ अशी भर हवी असते, आणि दुकानदारही तेच शब्द वापरून माल विकतो. पण होडी म्हणजे पाण्याची टाकी नाही. ती लाटेवर वळते, भरतीला उचलली जाते, ओहोटीला टेकते, उन्हात तापते आणि पाण्यात थंड होते. पालघरच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी काही मीटरने खालीवर होते. सातपाटी-मुरबे खाडीत गाळ इतका साठला आहे की बोटींना आत-बाहेर करायला भरतीची वाट बघावी लागते, आणि खाडीत नांगरलेली बोट ओहोटीला चिखलात बसते. बसताना ती प्रत्येक वेळी सारखी बसत नाही. कधी नाळेकडचा भाग अधांतरी राहतो, तर कधी एक कूस दगडावर टेकते. इंजिन, बर्फ आणि मासळीचं वजन पाण्यावर सगळीकडून पेललं जातं, चिखलात मात्र ते दोन-तीन जागांवर येतं. बहुतेक गळती याच हालचालीतून जन्मते. जी वस्तू हलणारच, तिच्यात न हलणारा तुकडा बसवला की त्याच्या कडेला नवी चीर पडते.

ठिगळाआधी एक साधा प्रश्न आहे, आलेलं पाणी समुद्राचंच आहे का? बोटीच्या तळाशी साठणाऱ्या पाण्याला अनेक वाटा असतात. बर्फ वितळतो, पाऊस पडतो, लाट कठड्यावरून आत येते, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचा एखादा होज सैल असतो. जिभेला लावून बघितलं तर गोडं की खारं एवढं लगेच कळतं आणि अर्धे संशयित बाद होतात. खारं निघालं तरी फळ्यांकडे वळण्याआधी पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो ती जागा बघावी. तिथल्या ग्लँडमध्ये चरबी किंवा ग्रीस लावलेली दोरी कोंबलेली असते. दांडा फिरत असताना या ग्लँडमधून मिनिटाला थोडे थेंब पडणं हा दोष नाही, त्याच थेंबांनी दोरी थंड आणि ओली राहते. नवशिका माणूस थेंब बंद होईपर्यंत नट आवळतो, दोरी तापून करपते, दांड्यावर चर पडतो आणि महिनाभरात थेंबांची धार होते. शून्य गळतीचा हट्ट गळती कशी वाढवतो याचं याहून स्वच्छ उदाहरण बोटीत दुसरं नाही.

खरी गळती किती घातक असते याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानाने करता येतो. पाण्याखाली अर्धा मीटर खोलीवर एक मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब फट असेल, तर पाणी सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने आत घुसू पाहतं. फटीच्या कडांचा अडथळा धरून वजावट केली तरी तासाला साडेसहाशे लिटरच्या आसपास पाणी आत येईल. एवढ्या पाण्याला छोटा पंप पुरतो, म्हणूनच फसगत होते. पंप चालू असला की तळ कोरडा दिसतो आणि गळती ‘नाही’ असं मानलं जातं. पंप दिवसाला किती वेळ चालतो हे कुणी लिहून ठेवलं, तर तीच बोटीच्या तब्येतीची नोंदवही होईल.

लाकडी बोटीपासून सुरुवात करू, कारण या किनाऱ्याचं जुनं शहाणपण तिच्यात आहे. लाकूड पाण्यात फुगतं आणि हवेत आकसतं, तेही मुख्यतः रुंदीत. वीस सेंटिमीटर रुंदीची फळी एक टक्का आकसली तरी दोन मिलिमीटरची फट पडते. म्हणून दोन महिने वर राहिलेली बोट पाण्यात घातली की पहिले एक-दोन दिवस पाणी धरते आणि मग फळ्या फुगून सांधे बसतात. ऑगस्टमधलं हे पाणी आणि डिसेंबरात अचानक येऊ लागलेलं पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला धीर लागतो, दुसऱ्याला तपासणी. जुने कारागीर सांध्यात कापसाची पिळलेली वात छिन्नी आणि मोगरीने ठोकून बसवत आणि वरून राळ-तेलाचं लुकण भरत. वात सैल असते तोवर ठोक्याचा आवाज बद्द येतो आणि दाटून बसली की खणखणीत होतो. पण सांधा अखेर बंद करते ती फुगलेली फळीच. कापूस तिच्यासाठी दबून जागा करून देतो आणि ती आकसली की थोडा सैलावतो. लुकणही पिचतं आणि भेगाळतं, मग पुढच्या पावसाळ्यात खरवडून नवं भरायचं. दरवर्षी थोडं निकामी होणारं हे सामान मुद्दाम निवडलेलं होतं. त्याच्या जागी आता दोन डबे एकत्र कालवून होणारा एपॉक्सीचा लगदा येतो. जूनमध्ये आकसलेल्या, उघड्या सांध्यात तो भरला की दगडासारखा होतो. ऑगस्टमध्ये फळी फुगते आणि तिला जायला जागा नसते. मग एकतर तिची स्वतःची कड चिरडते, नाहीतर ती आतल्या वाकांवरून, म्हणजे बोटीच्या बरगड्यांवरून, खिळे उपसू लागते. पुढच्या वर्षी ती आकसते तेव्हा कडक पट्टी एका बाजूने सुटते, सुटताना सागवानाची सालपट घेऊन येते आणि मूळ दोन मिलिमीटरची फट चारची होते. मग त्यात आणखी लगदा भरायचा.

खिळ्यांची गोष्ट याहून जुनी आहे आणि ती थेट धातूच्या होडीपर्यंत नेते. लाकूड पोखरणारी टेरेडोसारखी कीड लागू नये म्हणून ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा तांबं ठीक होतं, पण त्याला भिडलेले लोखंडी खिळे झिजून गेले होते. जिथे पत्रे गुंडाळून आणलेला तपकिरी कागद चुकून मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला दुबळा धातू विरघळतो, हे शास्त्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पुरावा मात्र एका कागदाने दिला. पुढे 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने हेच तत्त्व उलटं वापरलं. तांबं वाचवायला त्याने त्यावर जास्त दुबळ्या धातूचे तुकडे बसवले. तांबं वाचलं, पण ते विरघळायचं थांबल्यामुळे त्याच्या विषाला बिचकणारे शिंपले आणि शेवाळ तळावर आनंदाने वाढू लागले. आज बोटीच्या सुकाणूजवळ आणि पंख्याजवळ बोल्टने बसवलेली झिंकची वडी ही त्याच प्रयोगाची वारस आहे. ती झिजली म्हणजे काम करते आहे. तिला रंग फासून ‘जपणारे’ लोक तिचं काम बंद पाडतात.

आपल्याकडे ॲल्युमिनियम मासेमारीच्या बोटीत शिरलं ते आधी पत्रा म्हणून. 1957 मध्ये कोचीत सुरू झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी बोटींच्या तळाला महागड्या तांब्याऐवजी मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा पत्रा लावण्याचे प्रयोग केले, आणि पुढे त्या जागी फायबरचं आवरणही आलं. संपूर्ण ॲल्युमिनियमची बोट भारतात दिसते ती मुख्यतः गस्तीच्या कामात. तटरक्षक दलाच्या कितीतरी वेगवान इंटरसेप्टर बोटींचं अंग याच धातूचं आहे. मुरबे किंवा सातपाटीच्या मच्छीमाराला ती परकीच. तरीही गळतीचा धडा गिरवायला हिच्याइतका कडक मास्तर नाही, कारण लाकूड चुका काही वर्षं पोटात घालतं, ॲल्युमिनियम एका मोसमात दाखवून देतं.

या धातूची गंमत अशी, की तो मुळात फार लवकर खराब होणारा आहे आणि त्यामुळेच टिकतो. उघडा पडताक्षणी त्यावर ऑक्साइडचा अतिपातळ, घट्ट थर येतो आणि पुढची झीज थांबते. हा थर राहण्यासाठी मोकळी हवा किंवा वाहतं पाणी लागतं. ओलं फडकं, थर्माकोल, फळकुटाखाली साठलेला गाळ अशा कोंदट जागी थर तुटतो आणि पुन्हा धरत नाही. पत्र्याला पांढरी भुकटी धरते आणि तिच्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडत जातात. म्हणून जुन्या ॲल्युमिनियम बोटीची गळती बहुधा बाहेरून आदळल्याने नव्हे, तर आतून कुजल्याने झालेली असते, आणि तीही जिथे हात पोचत नाही तिथे. दुसरी जागा रिव्हेटची. हजारो लाटांच्या धक्क्यांनी रिव्हेट भोकात हलू लागतो, भोक लांबट होतं आणि थेंब यायला लागतात. शोधायची पद्धत सोपी आहे: बोट जमिनीवर भक्कम टेकूंवर ठेवायची, बाहेरून कोरडी पुसायची आणि आत पाणी भरायचं. समुद्रात आत येणारं पाणी आता उलट्या वाटेने बाहेर येतं आणि भोक स्वतःच बोट दाखवतं. पाणी बेताने भरावं, कारण तळाची रचना बाहेरून येणाऱ्या दाबासाठी असते आणि टेकू चुकला तर पाण्याच्या वजनाने नवीच गळती तयार होते. जागेवर खूण करायची ती खडूने. शिसपेन्सिल नको, कारण तिच्यातलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला भिडलं की तिथेही तीच बॅटरी सुरू होते. विमानांच्या कारखान्यात उघड्या पत्र्यावर पेन्सिल चालवायला याच कारणाने मनाई असते.

आता ठिगळ. हाताशी स्टेनलेसचा तुकडा आणि स्टेनलेसचेच बोल्ट असतात. दोन्ही ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत, दोन्ही न गंजणारे म्हणून ख्यातकीर्त, आणि दोन्ही इथे मारक. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस शाबूत राहतं आणि त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम भुकटी होऊन गळतं. ठिगळ जागच्या जागी, पण ज्याला ते ठोकलं ते अंगच उरत नाही. तांबं मिसळलेला तळरंगही याच कारणाने वर्ज्य. सैल रिव्हेट आधी आतून आधार देऊन पुन्हा ठोकून पाहावा. भोक लांबट झालं असेल तर एक माप मोठा, भरीव, ॲल्युमिनियमचाच रिव्हेट घालावा आणि डोक्याखाली लवचिक सीलंट असावं. चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना लहान गोल भोकं पाडतात, म्हणजे टोकाशी एकवटलेला ताण पसरतो आणि चीर पुढे पळत नाही. गळती थांबवायला आणखी भोकं पाडायची हे पाहणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल, पण ही पायरी गाळली तर ठिगळाच्या पलीकडून चीर पुन्हा डोकं काढते. त्यानंतरचा तुकडा त्याच जातीच्या पत्र्याचा, गोल कोपऱ्यांचा आणि बाहेरून बसवलेला. पाण्याचा दाब बाहेरचं ठिगळ अंगावर दाबतो, आतलं ढकलून देतो.

मग वेल्डिंग का नको, असा प्रश्न येणारच, आणि मुरबेपासून जवळच बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत असताना तो जास्तच रास्त आहे. रसायन कारखान्यांच्या टाक्या आणि पाइप स्टेनलेसचे, त्यामुळे आर्गॉन वेल्डिंगचे हात या भागात तयार आहेत. पण स्टेनलेससाठी लावलेलं डीसी मशिन ॲल्युमिनियमला चालत नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, तर त्यावरचा ऑक्साइड दोन हजारांच्या वर, म्हणजे वरची साय घट्ट असताना खालचं दूध सांडून जातं. म्हणून एसी करंट लागतो, ज्याच्या एका फेरीत थर फुटतो आणि दुसरीत धातू वितळतो. त्याहून मोठी अडचण जुन्या चिरेत मुरलेलं मीठ, तेल आणि ओल. उष्णतेने त्यांचा वायू होतो आणि जोडात बुडबुडे राहतात. जोड दिसायला सुबक आणि आतून पोकळ निघतो. शिवाय 6061 सारखा उष्णता देऊन कडक केलेला पत्रा वेल्डिंगच्या कडेला नरम पडतो. बोटीसाठी सहसा वापरला जाणारा 5083 या बाबतीत बराच सहनशील आहे. थोडक्यात, वेल्डिंग उत्तमच, पण पत्रा कोणत्या जातीचा आणि तो किती साफ झाला हे माहीत असेल तरच. नाहीतर सर्वांत पक्का वाटणारा जोड शेजारच्या पत्र्याला सर्वांत आधी तोडतो.

‘हे सगळं जुन्या बोटींचं, आता फायबर आलं, ना कुजायचं ना गंजायचं,’ असा आक्षेप किनाऱ्यावर सर्रास ऐकू येईल, आणि त्यात तथ्य आहेच. चांगलं सागवान आणि ते ओळखणारे सुतार दोन्ही महाग झाले, तेव्हा फायबरकडे वळणं शहाणपणाचंच. पण फायबरची बोटही वळते, आणि आतला आडवा टेकू जिथे अंगाला कडक भिडतो तिथे तिला केसासारख्या भेगा पडतात. त्यावर वरून जाड लेप चोपडला की भेग लेपाच्या कडेला सरकते. बरोबर पद्धतीत भेगेभोवतीचा भाग उतरता घासून काढतात, जाडीच्या साधारण बारापट लांब उतार करतात आणि एकेक थर लहानापासून मोठ्यापर्यंत चढवतात, म्हणजे जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे बोटीला ‘कळत’ नाही. खरा धोका जुन्या लाकडी बोटीवर फायबर चढवण्यात आहे. सुक्या, नव्या लाकडावर ते आवरण काम देतं. पावसाळ्यात ओल्या, तेल मुरलेल्या फळीवर चढवलं तर रेझिन नीट धरत नाही, आतली ओल बाहेर पडत नाही आणि वरून चकचकीत दिसणारी बोट आतून कुजत राहते. गळती थांबलेली असते, कारण पाणी आता बोटीत येण्याऐवजी लाकूड आणि आवरण यांच्यामध्ये साठतं.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि तो जास्त वजनदार आहे. मोसमात भर समुद्रात पाणी आलं तर कारणमीमांसा कोण करणार? कुणीच नाही, करूही नये. तेव्हा चिंधी, साबण, ग्रीस, लगदा, जे हाताला लागेल ते कोंबावं आणि बंदर गाठावं. माझी तक्रार त्या ठिगळाबद्दल नाही, तेच पुढे तीन वर्षं राहतं त्याबद्दल आहे. त्यावर उपाय खर्चाचा नाही. तातडीने भरलेल्या जागेवर रंगाची ठळक खूण करावी, आणि शाकारण्याआधी, मेच्या अखेरच्या कोरड्या दिवसांत, बोट वर आली की सर्वांत आधी त्या खुणा उघडाव्यात. तपासणी मेमध्ये झाली तर कोणती फळी बदलायची, कुठले खिळे काढायचे हे पाऊस सुरू होण्याआधी ठरतं आणि जून-जुलैमध्ये झाकल्या बोटीत सुतारकाम होऊ शकतं. चिकटवायची आणि रंगाची कामं मात्र पाऊस लागण्याआधी उरकावी किंवा उघडीप साधून करावी.

कुठे थांबायचं हेही ठरवावं लागतं. खिळ्याच्या डोक्याखाली तपकिरी ओघळ दिसतो तिथे टोच्या खुपसून बघावा. एखाद-दुसऱ्या जागी तो सहज आत गेला तर खिळा आणि तेवढा तुकडा बदलून भागतं. ओळीने प्रत्येक खिळ्याशी जात असेल तर लोखंडाने भोवतालचं लाकूडच सडवलेलं आहे, तिथे कापूसही टिकणार नाही आणि एपॉक्सीही नाही, फळी पूर्ण काढावी. ॲल्युमिनियममध्येही तसंच. मूठभर खड्डे असतील तर ठिगळ, पण चाचणीच्या पाण्यात तळ चाळणीसारखा घामेजला तर त्या पत्र्यावर खर्च करू नये. तो भंगारात विकला तरी चांगले पैसे येतात, कारण हा धातू वितळवून पुन्हा वापरता येतो, आणि त्या पैशांत नव्या पत्र्याचा निदान काही भाग तरी निघतो.